दुसरी ओळ

प्रफुल्ल चौगुलेने माईक हातात घेतल्याशिवाय सांगलीत कार्यक्रमाला रंग चढत नाही, असं लोक म्हणायचे. लोक विसरले तर तो स्वतः आठवण करून द्यायचा. लग्नाचं रिसेप्शन, पतसंस्थेची वार्षिक सभा, कुणाचा सेवानिवृत्तीचा सत्कार, काहीही असो, सूत्रसंचालनाला चौगुले सर ठरलेले. पाहुण्यांची ओळख करून देताना एक चारोळी, हार घालताना एक, आणि मध्येच वीज गेली तर अंधारावरही एक. यमक जुळवल्याशिवाय या माणसाला चहासुद्धा गोड लागत नसे.

त्याची मुलगी शाल्मली अकरावीला होती आणि ही खोड तिच्यातही उतरली होती. जानेवारीत गॅदरिंगच्या आदल्या दिवशी ती जेवताना म्हणाली, "पप्पा, फिशपॉण्ड लिहिलाय प्रांजलवर. ऐका की जरा."

फिशपॉण्ड म्हणजे गॅदरिंगच्या शेवटी वाचायच्या निनावी चिठ्ठ्या. जुने लोक त्यांना शेलापागोटे म्हणत. कुणाच्या चालण्यावर, कुणाच्या उशिरा येण्यावर दोन ओळींचा चिमटा काढायचा, सगळ्या हॉलसमोर तो वाचायचा, आणि ज्याच्यावर असेल त्याने स्टेजवर येऊन गमतीचं बक्षीस घ्यायचं. घेताना हसायचं. हा शेवटचा नियम कुठे लिहिलेला नसतो, पण सगळे तो पाळतात.

प्रांजल मगदूम ही शाल्मलीची पहिलीपासूनची मैत्रीण. तिची आई विद्याताई गावभागात चपाती-भाजी केंद्र चालवायची. त्यांच्या अख्ख्या मसुरासाठी लोक रांग लावत. प्रांजल पहाटे उठून आईच्या हाताशी लागायची, फोडण्या घालायची आणि तशीच कॉलेजला पळायची. बरोबर एक मोठा डबा असायचा, वर्गातल्या सगळ्यांसाठी.

शाल्मलीने वाचून दाखवलं:

"ही आली की वर्गामध्ये येतो मसुराचा वास,
डबा हिच्या हाती असतो आम्हा सगळ्यांसाठी खास!"

"छान आहे," तिची आई रोहिणी म्हणाली.

"छानच आहे की. पण हे कौतुक झालं," प्रफुल्ल घास हातात धरून म्हणाला. "फिशपॉण्डला चिमटा लागतो, शाल्मे. पहिल्या ओळीत भूक आण. आणि दुसरी... थांब." त्याने डोळे मिटले. घरातल्यांना ही समाधी ओळखीची होती. "हं, घे लिहून."

"ही आली की वर्गामध्ये भूक लागते सगळ्यांना,
अत्तर समजून बसली बाई लसणाच्या फोडण्यांना!"

शाल्मली खदखदून हसली. मग थांबून म्हणाली, "तिला वाईट नाही ना वाटणार?"

"अगं, जवळच्याच माणसाचा काढायचा असतो. परक्याचा काढला तर भांडणं होतील."

दुसऱ्या दिवशी चिठ्ठ्या वाचायला कॉलेजने बोलावला होता तो प्रफुल्लच. स्वतःचीच ओळ हाती आली तेव्हा त्याने ती तब्येतीत वाचली. 'बाई'वर जरा थांबला, 'लसणाच्या' शब्द चावून म्हटला. हॉल अक्षरशः कोसळला. प्रांजल स्टेजवर आली. मुलांनी तिच्या गळ्यात लसणाच्या गड्ड्यांची माळ घातली आणि ती हसली. प्रफुल्ल हॉलकडे बघत होता. प्रांजलकडे बघायला त्याला सवड नव्हती, पुढची चिठ्ठी हातात होती.

*

आता 'सावली'बद्दल सांगायला हवं, कारण पुढे जे झालं ते तिच्याशिवाय झालंच नसतं.

आपल्या हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर गालांत रक्त येतं आणि ओसरतं. त्यामुळे चेहऱ्याचा रंग बदलतो, पण इतका किंचित, की समोरच्या माणसाला तो दिसत नाही. फोनच्या पुढच्या कॅमेऱ्याला मात्र दिसतो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं, म्हणून गालात रक्त वाढलं की कॅमेऱ्याकडे परतणारा हिरवा प्रकाश तेवढा कमी होतो. यावरून नाडी मोजणं फार आधीच जमलं होतं. पुढच्या संशोधकांनी त्यातून लाज शोधून काढली. माणूस खजील होतो तेव्हा गालांतल्या बारीक रक्तवाहिन्या विशिष्ट क्रमाने सैल पडतात, ठोका जरासा अडखळतो आणि नजर खाली जाते. हे तिन्ही एकत्र दिसलं की समजायचं, याला लागलं. सावळ्या गालाखालीही रक्त तितकंच चढतं. ते आपल्या डोळ्यांना दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं.

फोनपायी पोरांच्या मनाची जी वाताहत चालली होती ती सगळ्यांनीच पाहिली होती. शेवटी कायदा झाला. अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाच्या फोनमध्ये सावली सक्तीची झाली आणि मोठ्यांना हवी असेल तर मिळू लागली. एखादी पोस्ट, कॉमेंट किंवा मेसेज बघताना चेहरा तसा तापला, की सावली ती गोष्ट लगेच झाकायची, तिच्या जागी तळ्याचं नाहीतर डोंगराचं चित्र दाखवायची, आणि त्या माणसाकडून तसलं पुन्हा काही आलं तर समोर येऊच द्यायची नाही. पुसायची मात्र नाही. सगळं एका बंद कप्प्यात जायचं. मोठ्यांना आपला कप्पा आपण उघडता यायचा, मुलांचा उघडायला दोन्ही पालकांचा अंगठा लागायचा.

चौगुल्यांच्या घरात सावलीला देवापेक्षा थोडाच कमी मान होता, आणि तो उगाच नव्हता. शाल्मली नववीत असताना कुणीतरी तिच्या फोटोवर मिशी काढली होती. वरच्या ओठावरची एवढीशी लव, पण वर्गातून शाळेत, शाळेतून गावात तो फोटो फिरला. शाल्मलीने आरशात बघणं सोडलं, मग जेवण सोडलं, मग बोलणं. एका संध्याकाळनंतर रोहिणीने बाथरूमच्या दाराची आतली कडी स्क्रू ड्रायव्हर घेऊन स्वतः काढली. त्या दिवसांत घरी रोज एकच मुलगी यायची, डब्यात मसूर घेऊन. ती काही न बोलता शाल्मलीच्या शेजारी बसायची आणि दोघींत एक भाकरी संपवायची. ती प्रांजल होती. नंतर सावली आली, फोनवरचं विष थांबलं आणि पोर हळूहळू माणसात आली.

प्रफुल्लनेही मग आपल्या फोनमध्ये सावली घेतली. "चौगुले सरांचे विनोद आमच्या आजोबांनी ऐकलेले" असल्या कॉमेंट वाचून रात्री झोप उडायची, ती परत आली. आता त्याला फक्त कौतुक दिसायचं. माणसाला याची सवय फार लवकर लागते.

*

गॅदरिंगनंतर महिनाभरात कुणीतरी तो फिशपॉण्ड उचलला. लसणाच्या एका गड्ड्याला डोळे आणि तोंड दिलं, आणि त्याच्या तोंडी घातला प्रफुल्लचा खराखुरा आवाज. गड्डा कंबर हलवत म्हणायचा, "अत्तर समजून बसली बाई!" लोकांनी त्यावर नाच केले, स्वयंपाक केले, नवऱ्यांनी बायकांना चिडवलं. कोल्हापूर, सोलापूर करत गड्डा पार विदर्भात पोचला. प्रफुल्लच्या फोनवर 'सर, आवाज एक नंबर' याचा नुसता पाऊस पडत होता. सत्काराला आलेल्या पाहुण्यांना तो स्वतःच सांगायचा, "तो गड्डा म्हणजे मीच बरं का."

इचलकरंजीच्या एका कार्यक्रमात तो पडद्यामागे उभा होता. स्टेजवर स्वागतगीत चाललं होतं. हातात फोन होता. मेसेज आला, प्रांजलचा.

'काका, एक विनंती आहे. तो गड्ड्याचा व्हिडिओ तुमच्या आवाजात आहे. तुम्ही एकदा सगळ्यांना म्हणालात की हे थांबवा, तर लोक ऐकतील. मी कुठंही गेले की मागून तेच म्हणतात. प्लीज.'

त्याने तो वाचला. कानशिलं गरम झाली. तेवढ्यात फोन मंद झाला आणि हिरवागार डोंगर समोर आला. खाली अक्षरं होती: 'थोडं थांबूया का?' प्रफुल्लने एक श्वास घेतला. स्वागतगीत संपलं होतं. तो स्टेजवर गेला आणि गाणाऱ्या मुलींवर त्याने एक फर्मास चारोळी म्हटली. परत आला तेव्हा फोनवर काहीच नव्हतं. काहीतरी होतं खरं, पण ते शोधायला गेलो तर सापडेल, एवढं त्याला कळत होतं. म्हणून तो शोधायला गेला नाही.

*

जूनमध्ये बारावीचे वर्ग सुरू झाले आणि शाल्मली कुरकुरत घरी आली.

"प्रांजलने कॉलेज सोडलं म्हणे. मला एका शब्दानं बोलली नाही. किती दिवस झाले, मेसेज नाही की फोन नाही. नुसता ॲटिट्यूड."

"तू कर की तिला," रोहिणी म्हणाली.

"मीच का करू? मी काय केलंय?"

शाल्मलीच्या फोनवर त्या दिवशीही, रोजच्यासारखंच, 'आज सगळं शांत आहे' असं सावलीकडून आलं होतं. ती खरोखर दुखावली होती. प्रफुल्ल वर्तमानपत्रात डोकं घालून बसला.

चार दिवसांनी रोहिणीच्या ऑफिसातल्या बायका जेवायला यायच्या होत्या. रोहिणीने त्याला मसूर आणायला पिटाळलं. दुसरीकडून आणतो म्हणायला त्याच्याकडे कारण नव्हतं.

मगदुमांच्या केंद्रासमोर रांग होती. पुढे उभ्या असलेल्या दोघी कॉलेजच्या मुली आत डोकावून एकमेकींना कोपराने ढोसत होत्या. त्यातली एक नाक वर करून हळूच म्हणाली, "भूक लागते सगळ्यांना..." म्हणताना तिने आवाज खाली नेला, 'लसणाच्या' चावला. नक्कल हुबेहूब होती. प्रफुल्लने आयुष्यात अनेकांच्या नकला केल्या होत्या, पण स्वतःची ऐकायची ही पहिलीच वेळ. त्याला ती आवडली नाही.

त्याचा नंबर आला. विद्याताईंनी मान वर करून पाहिलं आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "या चौगुले सर. किती देऊ?"

"दोन किलो. प्रांजल कशी आहे?"

"हाय की. आत हाय." विद्याताई मसूर डब्यात भरू लागल्या. "स्वयंपाकघरात येत न्हाई आता. फोडणी घातली की ती मागच्या खोलीत जाती, दाराखाली ओला टॉवेल लावती. दिवसातनं तीन-तीनदा अंघोळ. कातडी सोललीय हाताची घासून घासून. बारावी बाहेरून देते म्हणली. डॉक्टरांकडं जातोय आम्ही."

प्रफुल्ल पाकीट काढून नोटा मोजू लागला.

"तुम्हाला लिहिलं होतं की तिनं," विद्याताई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. "शाल्मलीला तर कितींदा. एकाचंही उत्तर आलं न्हाई. मी म्हटलं, जाऊ दे बाई, मोठी माणसं, कामात असतील."

"मला... मला काही आलं नाही ताई," प्रफुल्ल म्हणाला. "ते सावलीमुळे होतं असं. समोर येतच नाही."

"असंल," त्या म्हणाल्या आणि डब्याचं झाकण लावून त्यांनी तो पुढे सरकवला.

*

गाडीत बसून त्याने आपला कप्पा उघडला. पहिला मेसेज तोच होता, पडद्यामागचा. पाठ असल्यासारखा तो त्याला आठवला. त्याच्याखाली बाकीचे, जे त्याने खरोखर कधी पाहिले नव्हते.

'काका, रागावलात का?'

'काका, मी स्टेजवर हसले होते म्हणून तुम्हाला वाटलं असेल की मला चाललं. नाही चाललं. तिथं हसावं लागतं म्हणून हसले.'

'काका, आईला दुकानात पण म्हणतात आता.'

फोन पुन्हा पुन्हा डोंगर दाखवत होता आणि तो पुन्हा पुन्हा मागे जात होता.

सावली बनवणाऱ्यांना शेवटपर्यंत एक गोष्ट जमली नव्हती. कुणी आपल्याला हिणवलं की गाल तापतात, आणि आपण कुणाला हिणवलं हे कळलं की तेव्हाही तापतात. दोन्ही वेळा रक्त त्याच वाटेने चढतं, ठोका तसाच अडखळतो, नजर तशीच खाली जाते. कॅमेऱ्याला दोन्ही लाजा एकच. त्यामुळे सावलीने ज्याच्यावर चिखल उडाला त्याला झाकलं आणि ज्याने उडवला त्यालाही तितक्याच मायेने झाकलं. सगळी पोरं शांत झोपू लागली. फक्त प्रांजलसारख्यांचं म्हणणं कुठे पोचेना, कारण ज्यांनी ऐकायचं त्यांचे गाल ते ऐकताच तापत होते. आणि सावली तरी प्रांजलला किती झाकणार? तिच्यावरचं हसू फोनमधून बाहेर पडून रांगेत उभं राहिलं होतं.

पाहुण्या जेवून गेल्यावर प्रफुल्लने रोहिणीला सगळं सांगितलं. म्हणजे जवळपास सगळं. "सावलीने झाकलं होतं" असंच म्हणाला.

"शाल्मलीचा कप्पा उघडायला हवा," तो म्हणाला. "तिला कळायला हवं."

रोहिणी उठली. तिने त्याला हाताला धरून बाथरूमच्या दारापाशी नेलं आणि कडी काढलेल्या जागी राहिलेल्या चार भोकांवर बोट ठेवलं. "हे दिसतंय का अहो तुम्हाला? मी रोज बघते. मला माझी पोर हवी. तिची लाज घेऊन मी काय करू?"

"आणि विद्याताईंची पोर?"

"मी काय दगड आहे का? मला वाईट वाटतंय. तुम्ही जा, पाया पडा त्यांच्या, काय करायचं ते करा. पण हिला नको."

दोघांनाही आपापल्या जागी बरोबर असल्याचं दुःख होतं. प्रफुल्लने त्या चार भोकांवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "फोनवरनं नको. मी तोंडानं सांगतो. आधी माझी चूक सांगतो, आपण दोघं तिच्याजवळ बसू. एकटीला खोलीत फोन देऊन नाही सोडायचं. तेव्हा ती एकटी होती, रोहिणी. आज आपण आहोत."

शाल्मलीला हाक रोहिणीनेच मारली.

शाल्मलीने ऐकून घेतलं. सोललेले हात, दाराखालचा टॉवेल, रांगेतल्या मुली. ऐकताना तिचा चेहरा कानांपर्यंत लाल होत गेला. इथे त्याच्यावर डोंगर टाकायला कुणी नव्हतं. आई-वडील बघत होते आणि ती त्यांच्यासमोर लाल होत होती.

"मला वाचायचंय," ती म्हणाली.

दोघांनी अंगठे लावले. कप्पा उघडला, पण दोन ओळी वाचून होईतो फोन मंद झाला आणि तळं आलं. शाल्मलीने ते सारलं, पुन्हा तळं. "हे वाचूच देईना," ती रडकुंडीला येऊन म्हणाली. तिने पुढच्या कॅमेऱ्यावर अंगठा धरला. चेहरा दिसेनासा झाला की सावली थोडा वेळ वाट बघते, हे सगळ्या पोरांना ठाऊक असतं. पण अंगठा सारखा सरकत होता.

रोहिणीने कपाळावरची टिकली काढली आणि स्वतः त्या कॅमेऱ्यावर चिकटवली.

शाल्मली मोठ्याने वाचू लागली. "'फिशपॉण्ड तू लिहिलायस का? खरं सांग, मी रागावणार नाही.'" ती थांबली. "हा मी वाचला होता पप्पा. फेब्रुवारीत. मग तळं आलं आणि मी... मला वाटलं, नंतर बघू. मला बरंच वाटलं, तो गेला म्हणून." मग पुढचे. "'आज डबा आणला नाही. कुणी विचारलंपण नाही.' 'तुझ्याकडे येऊ का? नुसती बसते.' 'शाल्मली, तुझ्या नववीत मी येत होते ना.'"

रोहिणीने तिला जवळ ओढलं. प्रफुल्ल समोर बसून होता. 'हा मी वाचला होता' हे चार शब्द त्याच्या मुलीने कुणी न विचारता म्हटले होते. तो मात्र दोन बायकांशी खोटं बोलून बसला होता, आणि अजूनही गप्पच होता.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आणि शाल्मली निघाले. गाडीत काही सुचेना म्हणून त्याच्या जिभेने सवयीने उचल खाल्ली. "मी विचार करतोय, रविवारी माजी विद्यार्थ्यांचा मेळावा आहे, तिथं स्टेजवरनंच माफी मागतो. म्हणजे सुरुवातीला अशी एक ओळ... 'चुकलो आम्ही, लेकी, तुझिया...'"

"पप्पा," शाल्मली खिडकीबाहेर बघत म्हणाली, "यमक नको."



केंद्राचं दार लोटलेलं होतं; ते प्रांजलनेच उघडलं. केस ओले होते आणि अंगाला साबणाचा इतका उग्र वास होता की डोळे चुरचुरले. मागे विद्याताई पीठ मळायचं थांबवून उभ्या होत्या.

"मी लिहिला होता," शाल्मली म्हणाली. "तुझे मेसेज मी काल वाचले. एक आधी वाचला होता. सॉरी म्हणून काही होत नाही, पण सॉरी."

"माहितीय," प्रांजल म्हणाली.

"दुसरी ओळ माझी होती, बाळ," प्रफुल्ल म्हणाला. "हिने डब्याचं लिहिलं होतं, चांगलं. मी बदललं."

"तेपण माहितीय. 'समजून बसली बाई' असलं शाल्मली लिहीत नाही. तुम्ही लिहिता." ती त्याच्याकडे बघत होती. "काका, एक विचारू? मी पहिला मेसेज केला तेव्हा निळी खूण आली होती. तुम्ही वाचला होता ना?"

सावलीने झाकला, हे उत्तर तयार होतं. ते फारसं खोटंही नव्हतं. विद्याताईंना तो तेच सांगून गेला होता आणि त्या समोरच उभ्या होत्या. शाल्मलीही त्याच्याकडे बघत होती.

"वाचला होता," तो म्हणाला. "पूर्ण वाचला होता. मग तो झाकला गेला आणि मला हायसं वाटलं. ताई, काल मी तुमच्याशी खोटं बोललो."

त्याचे कान, गाल, मान सगळं पेटलं. खाली बघावंसं फार वाटलं. प्रांजल त्याचा चेहरा बघत राहिली, घाई न करता, आणि त्याने तो तसाच वर ठेवला. गॅदरिंगच्या दिवशी त्याने तिच्याकडे इतका वेळ बघायला हवं होतं.

"शाल्मले, आत ये," शेवटी ती म्हणाली. त्याला आत बोलावलं नाही. माफ केलं असंही म्हणाली नाही. दार लागलं.

तो बाहेर फुटपाथवर उभा राहिला. थोड्या वेळाने एक माणूस स्कूटर लावून आला. "केंद्र चालू हाय का हो?"

"चालू आहे. ताई आत आहेत, येतील आता."

त्या माणसाचा चेहरा उजळला. "आयला, आवाज! चौगुले सर ना तुम्ही? लसणाचा गड्डा! आमच्या घरात सगळ्यांना पाठ हाय ते." त्याने फोन वर केला. "एकदा म्हणा की सर. फक्त दुसरी ओळ म्हणा."

प्रफुल्ल फोनकडे बघत म्हणाला, "घ्या रेकॉर्ड करून. ती ओळ मी लिहिली. एका चांगल्या मुलीवर लिहिली. तिने मला थांबवायला सांगितलं, मी वाचलं आणि ऐकलं नाही. तिने आता घराबाहेर पडणं सोडलंय. मला याची लाज वाटते. तुम्हाला कुणाला तो गड्डा दिसला, तर पुढं पाठवू नका."

माणसाचं हसू कधीच विरलं होतं. त्याने दाराकडे पाहिलं, पाटीवरचं नाव पाहिलं, आणि त्याचे कान हळूहळू लाल झाले. त्याच्या फोनमध्येही सावली होती, आणि पुढचा कॅमेरा फोन धरणाऱ्याकडे बघतच होता. पडदा मंद झाला. तळं आलं.

"बंदच झालं की ओ हे," माणूस पुटपुटला.

प्रफुल्लच्या तेव्हा ध्यानात आलं, की ही माफी फोनवरून कुठेच जाणार नाही. जे जे हसले होते त्या सगळ्यांचे गाल ती ऐकून तापतील, आणि प्रत्येकाच्या फोनवर तळं येईल.

"असू दे," तो म्हणाला. "तुम्ही ऐकलंत ना?"

"ऐकलं," माणूस खाली बघत म्हणाला.

रविवारी कॉलेजच्या त्याच हॉलमध्ये मेळावा होता. हॉल भरलेला असणार होता, त्यातले बहुतेक सगळे त्या ओळीला हसलेले असणार होते, आणि माईक त्याच्याच हातात असणार होता.